जुम्मादादांची पाटी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. बडोद्यातील ज्या एका जुन्या मराठी संस्थेचा मी सभासद आहे, तिच्या वास्तूची डागडुजी पुरी होत आली होती. मागच्या अंगणात, जेथे पूर्वी पत्र्याची शेड आणि एक पारिजातक होता, तेथे चांगले प्रशस्त सभागृह उभे राहिले होते. भिंतींना रंग लागला होता, पंखे बसले होते, आणि दारावर नावासाठी संगमरवरी पाटीची जागा मोकळी ठेवली होती. ती भरायची कशाने, एवढाच प्रश्न उरला होता. तेवढ्यासाठी कार्यकारी मंडळाची बैठक बोलावली होती, आणि वयाने वडील म्हणून मलाही आमंत्रण होते.

अशा बैठकी कशा होतात हे वाचकांना सांगावयास नको. आधी चहा झाला, मग शेवउसळीच्या बशा फिरल्या, आणि त्यानंतर विषय निघाला. पहिली सूचना आली ती ज्यांनी मोठी देणगी दिली त्यांच्या वडिलांच्या नावाची. ती रास्तच होती. दुसरी सूचना एका राष्ट्रपुरुषाच्या नावाची. तिला विरोध करण्यासारखे कोणापाशी काही नव्हते आणि म्हणूनच बहुधा तिच्याविषयी कोणाला उत्साहही नव्हता. तिसरी सूचना आली कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंकडून. त्या आमच्याकडे मुलांना गाणे शिकवितात. त्या म्हणाल्या, "खाँसाहेबांचे नाव का देऊ नये?"

खाँसाहेब म्हणजे आमच्या संस्थेत तीसएक वर्षे तबला शिकविणारे वृद्ध गृहस्थ. ते जाऊन आता बराच काळ लोटला. त्या पत्र्याच्या शेडमध्ये, पारिजातकाशेजारी, त्यांचा वर्ग भरत असे. फी ज्याला जमेल त्याने द्यावी, न जमेल त्याने गणपतीत वाजवून फेडावी, असा त्यांचा हिशेब होता. निम्म्या बडोद्यातील मराठी घरांतून 'धा' आणि 'तिरकिट' हे बोल त्यांच्यामुळे शिरले.

सूचना ऐकून क्षणभर सगळे गप्प झाले. मग आमच्यातील एक ज्येष्ठ, आणि मनाने अत्यंत सालस, गृहस्थ हळूच म्हणाले, "माणूस मोठा होता, त्यात प्रश्नच नाही. पण ही मराठी मंडळींची संस्था. सभागृहाला नाव आपल्यातल्या कोणाचे तरी असावे, नाही का?" कोणी 'हो' म्हणाले नाही, कोणी 'नाही' म्हणाले नाही. बाईंनी मान खाली घातली. मी सहा वर्षे खाँसाहेबांच्या पुढ्यात बसून शिकलो होतो. त्यांच्या बोटांचे फटके माझ्या मनगटावर बसले आहेत. आणि मी मात्र बशीतली उरलेली शेव चमच्याने गोळा करीत राहिलो.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मी घरी निघालो. रिक्षा करण्याऐवजी रावपुऱ्यावरून चालत चालत दांडिया बाजाराकडे वळलो. मनाला काही टोचत असले की मी चालतो, ही माझी जुनी सवय. चालता चालता ज्या इमारतीपाशी पाऊल थबकले, ती बडोदेकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. रिक्षावाल्याला विचाराल तर तो तिला 'माणेकरावचा अखाडा' म्हणेल. तिचे खरे नाव आहे श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर.

या इमारतीची आणि माझी ओळख हाडामांसाची आहे, हे अगदी शब्दशः खरे. १९६० सालच्या उत्तरायणात मी नऊ वर्षांचा होतो. वडोदऱ्याच्या उत्तरायणात मुलगा गच्चीवर नाही असे घर सापडणार नाही. आम्हांला गच्ची नव्हती, म्हणून आम्ही शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढत असू. एक कटलेला पतंग हाती लागतो न लागतो तोच मी भिंतीवरून खाली आलो आणि डावा हात कोपराखाली वाकडा झाला. आजीने तिळगुळाचे ताट बाजूला ठेवले, हाताला जुने लुगडे गुंडाळले आणि वडिलांना म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात नंतर न्या. आधी माणिकरावांकडे न्या."

माणिकराव तर १९५४ सालीच गेले होते. पण आजीच्या आणि सगळ्या गावाच्या लेखी मोडलेल्या हाडाचा पत्ता तोच होता. वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून आणले. आत शिरताच तांबड्या मातीचा, तेलाचा आणि हळदीचा एक संमिश्र वास आला, तो अजून नाकात आहे. एका बाजूला मलखांब, भिंतीला टेकून ठेवलेल्या मुद्गलांच्या जोड्या, लाठ्या, लेझिमी. आणि दुसऱ्या बाजूला हातपाय धरून बसलेली माणसे. त्यांत गुजराती शेटजी होते, कोळ्यांची बाई होती, टोपी घातलेला एक मुसलमान म्हातारा होता. ज्यांनी माझा हात पाहिला ते गृहस्थ पन्नाशीचे असतील. त्यांनी विचारले, "काय रे, पतंग की झाड?" मी "पतंग" म्हणेपर्यंत त्यांनी हात ओढून बसविला होता. मी ओरडलो ते नंतर. मग त्यांनी लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि म्हणाले, "हात बरा झाला की इकडे ये. पैसे देऊ नकोस. पन्नास बैठका दे."

मी बैठका दिल्या. दोनतीन वर्षे त्या मातीत लोळलोही. पण आज प्रामाणिकपणे सांगतो, की दारावरचे जुम्मादादा कोण, हा प्रश्न त्या सगळ्या काळात मला कधी पडला नाही. लहान मुलाला नाव म्हणजे नाव. मंडईला मंडई म्हणतात, तसे व्यायाम मंदिराला जुम्मादादा म्हणतात, एवढीच माझी समजूत.

आपल्या शहराची गंमत अशी, की येथे इमारतींना नावे देण्याची हौस फार जुनी आणि ती नावे विसरण्याची सवयही तितकीच जुनी. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी महाराणी चिमणाबाई १८८५ साली निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ १८९६ साली घड्याळाचा मनोरा उभारला गेला. तो झाला 'रावपुरा टॉवर'. त्यांच्याच नावाने त्याच सुमारास एक भव्य इमारत उभी राहिली. आधी ती मंडई व्हायची होती, पुढे तेथे न्यायालय आले आणि ती 'न्यायमंदिर' झाली. चिमणाबाईंचे नाव कागदावर राहिले. राजघराण्यातील खंडेराव महाराजांचे नाव बाजाराच्या देखण्या इमारतीला दिले गेले. त्या इमारतीत पुढे नगरपालिका आली, पण लोक तिला आजही 'खंडेराव मार्केट' म्हणतात. म्हणजे तेथे नाव टिकले, काम बदलले. न्यायमंदिराचे तर त्याहून नवल. २०१८ मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेले; आता तेथे न्याय होत नाही, तरी रिक्षावाला 'न्यायमंदिर' म्हटल्यावर तेथेच आणून सोडतो. महाराजांच्या नावाच्या सयाजीबागेला माझी आजी मरेपर्यंत 'कमाटीबाग' म्हणत होती, आणि मीही तेच म्हणतो.

या सगळ्या नावांत एक गोष्ट सारखी आहे. ती राजाने दिलेली किंवा राजघराण्यासाठी दिलेली आहेत. संस्थानी शहरात ते साहजिक होते. राजाने पैसा दिला, जमीन दिली, वास्तू बांधली; नाव त्याच्या कुळातले येणार. सयाजीरावांनी त्या नावांखाली जे केले ते पाहता त्याबद्दल तक्रार करण्याचा कृतघ्नपणा कोणी बडोदेकर करणार नाही. १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारा तो राजा होता. परंतु अशा शहरात, दांडिया बाजारात, एका पहिलवानाचे नाव दारावर लागते, आणि तो पहिलवान राजकुळातला नाही, सरदार नाही, ब्राह्मण नाही, मराठाही नाही, तर मुसलमान आहे. आणि नाव देणारा त्याचा मराठी शिष्य आहे, ही गोष्ट साधी नव्हे. ती मला साठ वर्षांनी, त्या बैठकीनंतर, रस्त्यावर उभे राहून प्रथमच जाणवली.

जुम्मादादा बडोद्यातील नामांकित मल्ल आणि उस्ताद. जुम्मा म्हणजे शुक्रवार. त्यांचा काळ समजावयाचा तर जुन्या बडोद्यातील कुस्तीचे रूप ध्यानात घ्यावे लागते. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, मल्लांना आणि साठमारीला येथे भरपूर राजाश्रय होता. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या काळी बडोद्यास येऊन जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. हातांत शिंगाची नखे बांधून लढविली जाणारी कुस्ती त्याने येथे पाहिली. ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. बळाचे कौतुक होते, पण ते कौतुक पाहणाऱ्याचे. मल्ल रक्तबंबाळ होई, दरबार वाहवा करी, आणि बक्षिसाचे कडे घेऊन तो घरी जाई. तालमीची विद्या ही उस्तादाच्या पोटात राहावयाची आणि त्याच्याबरोबर जावयाची.

या विद्येचे पुढे काय करावे हे ज्याने ओळखले तो शिष्य म्हणजे प्रोफेसर माणिकराव. त्या काळी व्यायामविद्येतल्या नामवंतांना लोक आपुलकीने 'प्रोफेसर' म्हणत, तसे ते प्रोफेसर झाले. पुढे सयाजीराव महाराजांनी 'राजरत्न' ही पदवी दिली. माणिकराव हे जुम्मादादांच्या हाताखाली तयार झाले. उस्तादाकडून कुस्ती आणि हत्यारे घेतली, हाडे बसविण्याची आणि मालिशीची कला घेतली. आणि उस्तादाच्या मागे तालीम चालविली ती त्यांच्या नावाने.

येथे थोडे थांबावेसे वाटते. माणिकरावांपुढे दुसरी नावे नव्हती असे नाही. महाराजांचे नाव दिले असते तर दरबारात वजन वाढले असते. हनुमंताचे नाव दिले असते तर ते रूढीला धरून झाले असते. महाराष्ट्रात अर्ध्या तालमी मारुतीच्याच आहेत. स्वतःचे नाव दिले असते तरी कोणी नावे ठेवली नसती, कारण लोक त्यांना स्वतःहून ते देतच होते. त्यांनी ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचे नाव दिले. आणि त्यापुढे शब्द जोडला तो 'व्यायाम मंदिर'.

बडोद्याच्या भाषेत 'मंदिर' या शब्दाला एक खास वळण आहे. येथे न्यायाला मंदिर आहे, गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी बांधलेले कीर्तिमंदिर आहे. देवाशिवाय जे पूज्य वाटले त्याला बडोद्याने मंदिर म्हटले. त्याच ओघात व्यायामाचे मंदिर झाले, आणि त्या मंदिराचे नाव जुम्मादादा. जुम्मा आणि मंदिर हे दोन शब्द शेजारी लिहिताना कोणाचा हात अडखळला नाही. या मंदिरात गणपतीही बसतो, आणि शहरातील जुन्या सार्वजनिक गणपतींत त्याची गणना होते.

आणि 'दादा' हा शब्द पाहा. मलखांबाची विद्या पुन्हा उजेडात आणणारे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरचे बाळंभट देवधर. त्यांनाही आपण बाळंभटदादाच म्हणतो. एक वेदशास्त्राच्या घरचा ब्राह्मण, दुसरा मुसलमान मल्ल. तालमीच्या भाषेत दोघेही दादा. मातीत उतरणाऱ्या मराठी माणसाने आपल्या वडीलधाऱ्यांसाठी एक नाते ठरविले होते, आणि ते लावताना जात विचारली नाही. आमच्या बैठकीत 'आपल्यातला' हा जो शब्द उच्चारला गेला, त्याचा अर्थ दांडिया बाजारात फार पूर्वी लावून झालेला होता. मीच तो वाचला नव्हता.

परंतु नाव मोठ्या मनाने दिले एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. मनाचा मोठेपणा पुष्कळांपाशी असतो. विचार करण्यासारखे आहे ते त्या नावाखाली काय झाले हे.

माणिकरावांनी जे पहिले मोठे काम केले ते हे, की तालमीतील विद्या एकट्या मल्लाच्या अंगातून काढून समुदायाला दिली. शेकडो मुले एका मैदानावर, एका तालावर, एका आज्ञेने हालचाल करतील अशी सांघिक कवायत त्यांनी बसविली. त्या काळी कवायत म्हटली की इंग्रजी आज्ञा आल्या. शाळेतल्या ड्रिलमास्तरपासून पलटणीतल्या हवालदारापर्यंत सर्वांचे तोंड तेच बोले. माणिकरावांनी आज्ञा देशी भाषेत दिल्या. लाठी, लेझीम, जंबिया, फरीगदगा हे जे खेळ दरबारी तमाशाचे किंवा जत्रेचे झाले होते, त्यांना अभ्यासक्रमाची शिस्त आली. खंडेरावांच्या बडोद्यात लोक बळ पाहावयास जमत. माणिकरावांच्या बडोद्यात ते कमवावयास जमू लागले.

१९०७ साली या व्यायाम मंदिरात एक तरुण दाखल झाला. जगन्नाथ गणेश गुणे हे त्याचे नाव. जन्म १८८३ सालचा, बडोदे संस्थानातीलच डभोईचा. बडोदा कॉलेजात शिकताना अरविंद घोषांच्या सहवासाचा संस्कार त्याच्यावर झाला होता. १९१० पर्यंत त्याने माणिकरावांपाशी शिक्षण घेतले. पुढे माळसरच्या परमहंस माधवदासजींकडे योगाचा अभ्यास केला आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. योगाची आसने आणि श्वसनाच्या क्रिया प्रयोगशाळेत, यंत्रांच्या साहाय्याने तपासून पाहणारे ते आरंभीचे अभ्यासक. आज देशोदेशी जो योग शिकविला जातो, त्याच्या वंशावळीत दांडिया बाजारातील ही तांबडी माती आहे, आणि त्या मातीच्या दारावर जुम्मादादांचे नाव आहे.

गुजरातेत छोटुभाई पुराणींनी व्यायामशाळांची जी चळवळ उभारली, तिचेही मूळ माणिकरावांच्या शिकवणीकडे जाते. त्यांचे बंधू अंबुभाई त्या कामात त्यांच्यासोबत होते. अंबुभाई पुढे पाँडिचेरीस अरविंदांच्या आश्रमात गेले. म्हणजे मराठी गुरूकडून गुजराती शिष्याकडे, आणि त्या गुरूच्या मागे मुसलमान उस्ताद. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि बडोद्याचा मराठी माणूस गुजरात राज्याचा नागरिक झाला, तेव्हा आमच्या घरांत बरीच हळहळ होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत माझा हात बसविणाऱ्या माणसांपुढे कोणत्या भाषेची किती माणसे बसली होती, हे आठवले की ती हळहळ आता थोडी वेगळी वाटते.

तिसरे काम ग्रंथाचे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी याच बडोद्यात व्यायाम ज्ञानकोश संपादिला. दहा खंड, आणि सगळे मराठीत. पहिला खंड १९३६ साली निघाला, शेवटचा १९४९ साली. म्हणजे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्याच वर्षी. १९५० साली त्याचे सार इंग्रजीत एका खंडात आले. जी विद्या उस्तादाच्या पोटात राहावयाची ती दहा खंडांत छापली गेली. कुस्तीचे डाव, मलखांबाच्या उड्या, लाठीचे हात, सारे चित्रांसह. जुम्मादादांच्या पिढीतील मल्लांना हे पाहावयास मिळते तर काय वाटले असते, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता मघाशी सोडून दिलेल्या एका गोष्टीकडे वळतो. पाटीवर जुम्मादादा आहेत, पण गावाच्या तोंडी माणिकराव आहेत. त्या संध्याकाळी दाराशी उभे असताना मला ही गोष्ट आधी अन्यायाची वाटली. शिष्याने इतक्या भक्तीने दिलेले गुरूचे नाव लोकांनी बाजूला सारले आणि शिष्याचेच लावले! चिमणाबाईंच्या मनोऱ्याचे झाले तेच येथे झाले, असे वाटले. पण अंमळ विचार केल्यावर तसे वाटेना. चिमणाबाईंच्या मनोऱ्याला लोकांनी पेठेचे नाव दिले, माणसाचे दिले नाही. येथे माणसाच्या जागी माणूसच आला, आणि तोही त्याच्याच हाताखाली घडलेला. ज्याने हात बसविला त्याचे नाव गावाने घेतले. त्याला हात बसवावयास कोणी शिकविले, ते पाटीने सांगितले. एक नाव ऋण घेणाऱ्याचे, दुसरे ऋण देणाऱ्याचे. दोन्ही एकाच दारावर आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पाटी नसती, तर माणिकरावांच्या मागचा माणूस आपल्याला ठाऊकच झाला नसता. पाटीचे काम तेवढेच. लोकांनी आपणहून जे लक्षात ठेवले नसते, ते तिने राखून ठेवावयाचे.

देणगीदाराचे नाव लोकांनी लक्षात ठेवावे म्हणून आपण पाटी लावतो. राष्ट्रपुरुषाचे नाव पाटीविनाही लक्षात राहते. मग पाटीची खरी गरज कोणाला आहे? ज्याच्याकडून गावाने काही घेतले आणि ज्याच्यापाशी ते लिहून ठेवण्याची ऐपत नव्हती, त्याला.

दुसरी बैठक पंधरा दिवसांनी झाली. या वेळी मी चहाच्या आधीच बोलावयास उभा राहिलो, कारण शेवउसळ आली की माझे धैर्य जाते हे मला कळून चुकले होते. मी प्रथम माझी चूक कबूल केली. मागच्या बैठकीत ज्याने बोलावयास हवे होते तो मी होतो, आणि बोललो नाही, असे सांगितले. मग जुम्मादादा व्यायाम मंदिराविषयी वर लिहिले आहे ते थोडक्यात सांगितले. एक तरुण सभासद मध्येच म्हणाला, "काका, ते माणेकरावचा अखाडा ना?" मी म्हटले, "तोच. पाटी वाच एकदा." तो हसला. ते ज्येष्ठ गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मी बसल्यावर ते म्हणाले, "मी स्वतः लहानपणी तेथे दोन वर्षे दंड काढले आहेत. मलाही हे सुचले नाही." एवढे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. माझ्या मते त्या बैठकीतील सर्वांत मोठे भाषण तेच होते.

पण कथेत होते तसे सगळे प्रत्यक्षात होत नाही. देणगीदारांना शब्द दिला गेला होता आणि दिलेला शब्द मोडणे हेही योग्य नव्हते. तेव्हा सभागृहाला त्यांच्या वडिलांचेच नाव द्यावयाचे ठरले. देणगीदार स्वतः हजर होते. त्यांनी एवढेच विचारले, की जुनी शेड पाडून जी तबल्याची खोली बांधली आहे तिला अजून नाव नाही ना? नव्हते. त्या खोलीला खाँसाहेबांचे नाव द्यावे, असे त्यांनीच सुचविले, आणि ते एकमताने संमत झाले. खोली लहान आहे. सभागृहात वर्षातून तीसचाळीस कार्यक्रम होतील; त्या खोलीत रोज संध्याकाळी मुले बसतील. खाँसाहेबांना निवड करावयास सांगितली असती तर त्यांनी कोणती जागा घेतली असती, याविषयी मला शंका नाही. तरीही थोडी रुखरुख आहे, ती लपवीत नाही. तो मोठा हॉल त्यांच्या नावाचा असता तर मला अधिक समाधान झाले असते.

पाटीवरचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. 'थोर', 'ऋषितुल्य', 'कलातपस्वी' असे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात, आणि उतरले की त्या माणसाचा चेहरा पुसला जातो. जुम्मादादांच्या पाटीवर त्यांचे नाव आणि आत जे चालते त्याचे नाव आहे, तेवढे पुरले. म्हणून मीही दोनच ओळी ठेवल्या आहेत. पहिल्या ओळीत त्यांचे नाव, आणि दुसऱ्या ओळीत ते तेथे काय शिकवीत आणि किती वर्षे. 'खाँसाहेब' म्हणावे की 'उस्ताद', यावर अजून गायनाच्या बाईंचे आणि माझे एकमत झालेले नाही. मुले त्यांना काय म्हणत, असे त्यांनी मला विचारले. आम्ही त्यांना 'दादा' म्हणत होतो. इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

पाटी अजून लागलेली नाही, म्हणून त्यांचे नाव येथे छापीत नाही. लागेल तेव्हा वाचकांनी अवश्य यावे. आणि येताना दांडिया बाजारावरून यावे. तेथल्या दारावरची पाटी आधी वाचावी, मग आमची.